प्रदर्शनात चित्र लागलं नाही, आता पुढं काय?

मी सांगलीत समुपदेशनाचं काम करते. चित्रकलेकडे वळलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे साधारण दोन मोसमांत येतात. पहिला मोसम दहावी-बारावीच्या निकालानंतरचा. "एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड आहे, पण ह्यात स्कोप आहे का?" दुसरा मोसम प्रदर्शनांच्या निवडयाद्या लागल्यानंतरचा. तेव्हा मूल सोबत असतं आणि बहुतेक वेळा गप्प असतं. सांगली-मिरजेतलं असो, नाहीतर तासगाव, पलूस, जतहून आलेलं, काळजी तीच असते. चित्र घेतलं नाही, म्हणजे हिच्यात किंवा ह्याच्यात काही नाही. मग एवढी वर्षं आणि एवढा पैसा कशाला घालायचा?

ही काळजी इतक्यांदा ऐकली आहे, की गौरीची गोष्ट एकदा लिहूनच टाकावी असं वाटलं. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांची, म्हणजे तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे.

गौरी उपयोजित कलेच्या, आपण अजून ज्याला 'कमर्शियल' म्हणतो त्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत पहिल्यांदा आले ते तिला न विचारता, एकटेच. हातात मोबाईल, त्यावर एक निमंत्रण.

"मॅडम, पोरीला इंटरनॅशनल प्रदर्शनात घेतलंय म्हणतात. साडेआठ हजार भरायचेत. ट्रॉफी आन् सर्टिफिकेट देणारेत. भरू का?"

"गौरी काय म्हणते?"

"ती काय म्हणत नाही. दोन आठवडे झाले कॉलेजला जात नाही. राज्याच्या प्रदर्शनात सलग दोन वर्षं चित्र लागलं नाही तिचं. म्हणलं, हे तरी होऊ दे. हुरूप येईल."

आधी पैशाचं बोलते, कारण हा प्रश्न मला आता जवळजवळ प्रत्येक चित्रकार मुलाच्या घरातून येतो. प्रदर्शनाला प्रवेशिका पाठवताना लहानशी फी घेणं ही जुनी, सरळ रीत आहे. ती फी निवड होण्याआधी सगळ्यांकडून घेतली जाते आणि ती भरूनही चित्र नाकारलं जाऊ शकतं. 'तुमची निवड झाली आहे, आता भिंतीवरच्या जागेचे पैसे भरा' हा प्रकार वेगळा. तिथे निवड झालेली नसते, जागा विकलेली असते. गौरीच्या वडिलांना मी तीन गोष्टी विचारून यायला सांगितल्या. परीक्षक कोण आहेत? गेल्या वर्षी कुणाचं काम नाकारलं होतं का? आणि भाग घेतलेल्या एखाद्याशी फोनवर बोलता येईल का? तिन्हींचं उत्तर एकच आलं, ते म्हणजे पैसे भरायची शेवटची तारीख. साडेआठ हजार वाचले. चांगले कागद, रंग, फ्रेमिंग आणि मुंबईची एक फेरी एवढ्यात आरामात होते.

पण तेवढ्याने गौरी कॉलेजला जाणार नव्हती.

ती आली तेव्हा मी तिला बोलतं करायच्या फंदात पडले नाही. पुढच्या वेळी येताना काम घेऊन ये, एवढंच सांगितलं. तिने एक मोठा फोल्डर आणला. मी खुर्च्या भिंतीला सरकवल्या, सगळं फरशीवर मांडायला सांगितलं. दोन्ही वर्षी प्रदर्शनासाठी पाठवलेली पोस्टर्स होती. पाणी वाचवा, मुलगी वाचवा, प्लास्टिक टाळा. सफाईदार, स्वच्छ, आणि माझ्यासारख्या चित्रकलेत अडाणी बाईलाही कुठेतरी पाहिल्यासारखी वाटणारी.

"ही अशीच का केलीस?"

"गेल्या वर्षीच्या बक्षिसांचे फोटो बघितले होते. परीक्षकांना असलं आवडतं."

"आणि तुला?"

ती काही बोलली नाही. फोल्डरच्या मागच्या कप्प्यात एक वही दिसत होती, कडा हळदीने पिवळ्या झालेली. मी विचारलं, ही काय? "ती अशीच आहे, टाईमपास." टाईमपास म्हटलं की माझे कान टवकारतात. माणूस आपली सगळ्यात जवळची गोष्ट बहुधा त्याच नावाखाली लपवतो.

वहीत पोती होती. वडिलांच्या दुकानात पोत्यांवर मार्का मारतात, शेतकऱ्याचं नाव, गाव, नग, ती अक्षरं. एका पानावर नुसता 'ळ', वीसेक वेळा काढलेला. गौरीने तो मला समजावून सांगितला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती सलग पाच मिनिटं बोलली. गोणपाटाच्या विणीत ब्रश अडकतो, शाई फुटते. म्हणून मार्का मारणारे काका 'ळ'ची गाठ एका झटक्यात काढतच नाहीत, मधे मोडतात, दोन तुकड्यांत लिहितात. काना मात्र एका दमात. स्टेन्सिल वापरणाऱ्या दुकानातली अक्षरं वेगळी आणि हातानं लिहिणाऱ्याची वेगळी. तिने त्या मोडलेल्या 'ळ'वरून बाकीची अक्षरं रचायला घेतली होती. तीसेक झाली होती. कॉलेजात कुणाला दाखवली नव्हती.

हे पाहिल्यावर मला कळलं की या मुलीला काम येतं की नाही, हा प्रश्नच इथे नाही.

समुपदेशनाच्या ज्या पद्धतीत मी शिकले ती अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास मांडली. तिचा गाभा सांगायला सोपा आहे. घटना माणसाला पाडत नाही, त्या घटनेला त्याने लावलेला अर्थ पाडतो. त्या शिस्तीप्रमाणे मी गौरीला विचारलं, "यादीत नाव नाही, याचा अर्थ तू काय लावलास?" माझी अपेक्षा होती, 'मी चित्रकार नाही' असं काहीतरी येईल. आलं ते निराळंच.

"की शिक्षण संपलं."

मी पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "पप्पांनीच सांगितलं होतं, प्रदर्शनात लागलं तर पुढचं वर्ष. नाहीतर बँकेच्या परीक्षांचा क्लास."

"आगं, मी आपलं तू जोर लावावास म्हणून म्हणलं," वडील गडबडले. "खरंच काय काढून घेणार होतो काय कॉलेजमधनं?"

"मला काय माहीत?"

दोन वर्षं एका घरात, एका ताटावर बसून, एक जण गंमतीत पैज लावतो आणि दुसरा ती गळ्यात बांधून फिरतो. या ठिकाणी मला जे दिसलं ते पुढे अनेक घरांत दिसत आलं आहे. निवड न होण्याचा अर्थ मूल एकटं लावत नाही. घरातला न सुटलेला वाद सोडवायला आपण प्रदर्शनाला पंच म्हणून बसवतो. कलेत राम आहे की नाही, मुलीला पुढे शिकवायचं की नाही, हे सगळं तीन-चार परीक्षकांनी एका दिवसात ठरवावं अशी अपेक्षा धरतो. त्या बिचाऱ्यांना याची कल्पनाही नसते. त्यांच्यासमोर चित्रांचा ढीग असतो, भिंत मर्यादित असते.

हे वडिलांना मी समजावून सांगू शकले असते. सांगितलं नाही. सांगून पटलेली गोष्ट घरी जाईपर्यंत टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी विचारलं, "तुमच्याकडं हळदीच्या सौद्यात एखाद्या व्यापाऱ्यानं माल नाकारला, तर तुम्ही शेतकऱ्याला काय सांगता?"

"काय सांगायचं? तो हळकुंड मोडून बघतो, आतला रंग बघतो. पावडरवाल्याला रंग पाहिजे असतो. अख्खं विकणाऱ्याला लांब, जाड हळकुंड लागतं. एकानं सोडला तर दुसरा घेतो. माल वाईट असतो असं कुठंय? नमुना बरोबर माणसापुढं जायला पाहिजे."

मग ते थांबले. फरशीवर पसरलेल्या पोस्टरांकडे आणि पिवळ्या कडांच्या वहीकडे बघत राहिले. वही उचलली. 'ळ'चं पान उघडलं आणि हसले. "हा तर आमच्या तुकारामाचा हात आहे की. हे कधी काढलंस?" गौरी रडायला लागली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काही बोलले नाही. हा प्रश्न विचारायचं मला ऐनवेळी सुचलं, याचं समाधान मला आहे, ते लपवत नाही.

त्यानंतरच्या भेटी बऱ्याचशा कामाच्या होत्या. त्यातलं जे इतर पालकांना उपयोगी पडेल ते इथे देते.

प्रदर्शन कशासाठी असतं, हे आधी घरात नीट बोलावं. राज्य कला प्रदर्शन कला संचालनालय भरवतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि कलाकारांचा वेगळा असतो. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची. दोन्हींची वार्षिक प्रदर्शनं असतात. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात स्वतःचं प्रदर्शन लावायचं तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, त्यामुळे अशा निवडीच्या प्रदर्शनातून तिथली भिंत मिळणं ही विद्यार्थ्याला मोठी गोष्ट असतेच. कोचीच्या बिएनालेबरोबर, म्हणजे दर दोन वर्षांनी भरायच्या मोठ्या कलाप्रदर्शनाबरोबर, २०१४ पासून विद्यार्थ्यांची बिएनालेही होते. या सगळ्यांतून ओळख होते, आपल्या वयाची इतर मुलं काय करताहेत ते कळतं, कधी बक्षीस मिळतं. नोकरी मात्र त्यातून क्वचितच मिळते. नोकरी देणारा तुमचा पोर्टफोलिओ बघतो, आणि त्यात शेवटच्या चित्राइतकाच तिथवर कसे पोचलात तो कच्चा प्रवास बघतो. गौरीची वही तिथे पोस्टरांपेक्षा जास्त बोलली असती. म्हणून मी मुलांना सांगते, रफ फाडू नका, तारीख टाकून ठेवा.

न निवडलेल्या कामाचं काय करायचं? एकदा ते दोन अशा माणसांना दाखवा जे तुमचे नातेवाईक नाहीत. आणि प्रदर्शन भरलं की ते बघायला जा, विशेषतः नाव नसेल तेव्हा. बहुतेक मुलं रुसून जात नाहीत, आणि सगळ्यात मोठी शिकवणी तिथेच चुकते.

"आपल्या भागात कलेला कोण विचारतो," हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेल्या तिथल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. मी गौरीला आणि तिच्या वडिलांना तिथे पाठवलं होतं. वडिलांना मूर काही पसंत पडले नाहीत, रविवर्मा पडला. तेही चालेल.

आणि उपजीविकेचं. इथे पालकांना चित्र फक्त फ्रेममध्ये दिसतं, म्हणून भीती वाटते. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण दुकानातलं पाकीट बघा, त्यावरची अक्षरं बघा. ते काम कुणीतरी करणारच आहे. वेष्टण, पाठ्यपुस्तकातली चित्रं, ॲनिमेशन, ॲपचे पडदे, नाटकाचं नेपथ्य, संग्रहालयातली मांडणी. कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडी ही पदविका. आणि अक्षरंच करायची असतील तर त्याचाही रस्ता आहे. कॉम्प्युटरवर मराठी टाईप करताना वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट दिसायचा तो र. कृ. जोशींनी केला. ते जाहिरातक्षेत्रात होते आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवत होते. नाटकांच्या जाहिरातीतली कमल शेडग्यांची शीर्षकं आपल्या पिढीने अक्षर वाचायच्या आधी चित्र म्हणून ओळखली. गौरीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हे खरंच काम असतं?" दुसऱ्या वर्षापर्यंत तिला हे कुणी ठासून सांगितलं नव्हतं, याचा मला थोडा राग आला.

बारावीनंतर डिझाईनकडे जायचं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची डॅट आणि आयआयटीची यूसीईईडी या प्रवेश परीक्षा आहेत. पदवीनंतर एम.डेस. या डिझाईनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीईईडी. यूसीईईडी लागोपाठ दोनच वर्षं देता येते. सीईईडीला प्रयत्नांची मर्यादा नाही, त्यामुळे पहिल्याच खेपेला घोड्यावर बसायची गरज नाही. या परीक्षांत निव्वळ सुबक रेखाटनाला मार्क नसतात, निरीक्षण आणि विचार तपासतात. पोत्याच्या विणीत ब्रश का अडकतो हे ज्या मुलीला दिसतं तिची अर्धी तयारी झालेली आहे, असं मी गौरीच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं, कारण आता बाजू बदलली होती.

गौरी आता तिसऱ्या वर्षाला आहे. अक्षरसंच पूर्ण झाला, जोडाक्षरांनी फार दमवलं. या वर्षी राज्याच्या प्रदर्शनाला तिने पोस्टर न पाठवता तोच पाठवला. निवड झाली नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला, "नाही लागलं. शनिवारी प्रदर्शन बघायला जातेय, पप्पा येणारेत." एका शिक्षकांनी मात्र तो बघून तिला पुण्यातल्या एका स्टुडिओत सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी नाव सुचवलं आहे. मानधन किरकोळ आहे, राहायची सोय नाही. वडिलांनी परवा फोन केला तो त्यासाठीच. पुण्यात मुलींसाठी महिन्याभराचं हॉस्टेल कसं मिळतं, आणि स्टुडिओवाल्यांकडून इंटर्नशिपचं पत्र आधी लिहून घ्यावं का? घ्यावं, असं सांगितलं. हॉस्टेलचं बघतेय.