केबल राहू दे, कार्ड बाहेर काढा

प्रश्न : आमच्या गावच्या देवळात उत्सवाला दरवर्षी संगीत नाटक होतं. ते मी फोर-केमध्ये घेतो. ६४ जीबीचं कार्ड दुसऱ्या अंकाच्या शेवटी भरतं. कॅमेरा केबलने लॅपटॉपला लावून कार्ड रिकामं करायला अर्धा तास जातो, आणि तोवर तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेलेला असतो. कार्ड तर चांगलं महागातलं, व्ही-३० आहे. मग घोडं अडतं कुठे? शिवाय एकाच अंकाच्या चार-चार फाइली का होतात?
— एक वाचक, माशेल

उत्तर : तुमच्या अर्ध्या तासावरूनच दुखणं कळतं. ६४ जीबीला अर्धा तास म्हणजे सेकंदाला साधारण ३५ मेगाबाइट, आणि यूएसबी २.० ही केबल-जोडणीची जुनी पिढी प्रत्यक्षात एवढंच देते. तिचे ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, कागदावरचे. कार्ड कितीही महागाचं असो, कॅमेऱ्याचं यूएसबी जुनं असेल तर गाडी तिथेच अडणार. व्ही-३० ही कार्डावर लिहिण्याच्या किमान वेगाची हमी, सेकंदाला ३० मेगाबाइट. कार्ड वाचलं किती वेगाने जाईल, हे त्यावरून ठरत नाही.

तेव्हा कार्ड काढा आणि यूएसबी ३.० च्या कार्ड रीडरमध्ये घाला. आता कार्ड उलटं करून बघा. मागे पितळी पट्ट्यांची एकच ओळ असेल तर ते यूएचएस-१ या वेगाच्या श्रेणीतलं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १०४ मेगाबाइट. हातात ९० पडले तरी तुमचं काम बारा मिनिटांत उरकतं. दोन ओळी असतील तर यूएचएस-२. त्याला रीडरही यूएचएस-२ चाच हवा, नाहीतर जास्तीचे पैसे पाण्यात.

रीडर लॅपटॉपच्या कुठल्या भोकात खुपसता, तेही बघा. आतली पट्टी निळी किंवा शेजारी ‘एसएस’ची खूण असेल ते घ्या. आणि खुपसायचं ते एका दमात. यूएसबी ३ च्या चौकोनी पिनेत जुने चार संपर्क पुढे असतात, नवे पाच मागे. भीत भीत, हळूहळू सरकवलं की पुढचे आधी टेकतात, लॅपटॉप त्याला २.० समजून बसतो आणि पुन्हा तोच अर्धा तास. कॉपीचा वेग सेकंदाला चाळीस मेगाबाइटच्या आत दिसला तर रद्द करून रीडर काढा, ठासून परत लावा. दुकानात बदलायला धावण्याआधी एवढं कराच. आपल्याकडच्या पावसाळ्यात संपर्कांवर हिरवट पापुद्रा धरतो, तोही कोरड्या कापडाने पुसून घ्या.

कॉपी आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर घ्या. फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या डिस्कवर ती नंतर, सावकाश. आणि ‘कट’ नको, ‘कॉपी’च. मध्येच लाइट गेली किंवा रीडर हलला तर कार्डावरचं तरी शाबूत राहतं.

मिनी-डीव्ही टेपच्या जमान्यात तासाची टेप फायरवायर केबलने उतरवायला तासच लागायचा, त्यामुळे नाटक चालू असताना उतरवायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. खरं सांगायचं तर तुम्हीही अंकांच्या मधल्या वेळेत ही धावपळ करू नये असं माझं मत. तेवढंच दुसरं कार्ड घ्या. फोर-के १०० मेगाबिटने घेत असाल तर ६४ जीबीत जवळपास ८५ मिनिटं मावतात. दुसऱ्या अंकानंतर कार्ड बदला, आणि तिसरा अंक चालू असताना पहिलं रीडरमधून उतरू द्या. कॅमेरा मोकळाच राहतो.

आता फाइलींचं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फाइली साठवण्याच्या फॅट-३२ या जुन्या पद्धतीची, आणि तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. ६४ जीबीच्या कार्डाला ही अडचण नसते, तरी बरेच कॅमेरे जुन्या सवयीने तुकडे पाडतच राहतात. रेकॉर्डिंग त्याने तुटत नाही, एडिटिंगच्या टाइमलाइनवर तुकडे ओळीने ठेवले की सांधा दिसत नाही. मात्र फोर-के सोडून कधी एव्हीसीएचडीत (ही रेकॉर्डिंगची पद्धत फुल एचडीपर्यंतच जाते) घेतलंत तर सुट्या फाइली उचलू नका, ‘प्रायव्हेट’ हा अख्खा फोल्डर न्या. कार्ड पुसायचं ते दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर, आणि कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून.