पळणाऱ्या लेकीचा वर्ग कोणता?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. सातव्या महिन्यात जन्मली, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवरचा ताबा बिघडलाय. हात ठीक, दोन्ही पाय ताठ. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर १८ सेकंदांत पळते आणि बहुतेक वेळा शेवटून दुसरी येते. बसून स्टार्ट घेताना दोनदा पडली. वडील विचारतात, 'सायन्सला घालू का पळण्यावरच सोडू? पुढं नोकरी लागंल का? दहावीचं वर्ष आहे, मैदान बंद करू का? मैदानावर एकानं सांगितलंय, तपासणीला गेल्यावर तिला जरा जास्त लंगडायला लावा, सोपा गट मिळतोय. हे खरं का?' सोबत तिच्या बुटांचा फोटो आहे.

नमस्कार भाऊ,

आधी फोटोबद्दल बोलते. बूट उलटे ठेवून काढलाय ते फार बरं केलंत. टाचेखालची नक्षी दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे आणि चवड्याखालचं रबर पार गुळगुळीत झालंय. उजव्या बुटाला तर अंगठ्यापाशी भोक पडलंय. म्हणजे पोरगी टाच टेकवतच नाही, चवड्यावर पळते आणि उजवा पाय जास्त घासते. हा फोटो फाइलमध्ये जपून ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा.

आता त्या लंगडण्याच्या सल्ल्याचं. भाऊ, हे अजिबात करू नका. पॅरा स्पर्धांत, म्हणजे दिव्यांगांच्या स्पर्धांत, तपासणी करून खेळाडूचा वर्ग ठरवतात. सेरेब्रल पाल्सी असलेले आणि उभ्यानं पळणारे खेळाडू टी-३५ ते टी-३८ या चार वर्गांत असतात. दोन्ही पायांत ताठरपणा असेल तर बहुतेक टी-३५, तोल आणि हालचालींवरचा ताबा हाच मुख्य प्रश्न असेल तर टी-३६, शरीराची एकच बाजू धरलेली असेल तर टी-३७, आणि त्रास सौम्य असेल तर टी-३८. हा वर्ग नुसतं चालताना बघून ठरत नाही. तपासणारे सांधा आधी हळू वाकवतात, मग झटक्यात. ताठरपणा खरा असेल तर झटक्यात वाकवताना स्नायू मध्येच अडतो, आणि ते सोंग आणून जमत नाही. त्यानंतर पळायला लावतात आणि पुढे प्रत्यक्ष शर्यतीतही लक्ष ठेवतात. मुद्दाम कमी करून दाखवल्याचं सिद्ध झालं तर काही वर्षांची बंदी येते, आणि शिकवणाऱ्यावरही कारवाई होते. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलीला आपण काय शिकवतोय बघा. जन्मापासून ती नीट चालायला धडपडत आलीय, आणि तिच्याच बापानं तिला सांगायचं की आज वाईट चाल?

तिचे १८ सेकंद चांगले की वाईट, हेही वर्ग ठरल्याशिवाय कळणार नाही. धडधाकट पोरींच्या रांगेत शेवटून दुसरी येणं म्हणजे तिचा निकाल नव्हे. प्रीती पालचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुझफ्फरनगरची ही मुलगी टी-३५ मध्ये पळते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिनं १०० मीटर १४.२१ सेकंदांत पळून कांस्य मिळवलं, आणि २०० मीटरमध्ये ३०.०१ सेकंदांत दुसरं कांस्य. पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर भारताला त्याआधी एकही पदक नव्हतं. लहानपणी तिनं कित्येक वर्षं पायांना आधाराचे कॅलिपर घातले होते. तुमच्या लेकीचा वर्गही टी-३५ निघाला, तर १८ आणि १४.२१ यांच्यात पावणेचार सेकंदांचं अंतर आहे. ते मोठं आहे, पण ती पंधरा वर्षांची आहे, आणि ही वेळ मातीवर, हातातल्या घड्याळावर, फाटक्या बुटांत लागलेली आहे.

आणि ती बसून स्टार्ट घेऊन पडते ना? मग उभ्यानंच स्टार्ट घेऊ दे. टी-३५ ते टी-३८ मध्ये ब्लॉक, म्हणजे स्टार्टला पाय टेकवायचे ठोकळे, वापरायची सक्ती नाही, उभं राहून सुरुवात केलेली चालते. या मुलांचे स्नायू अचानक आवाजानं दचकून आणखी आवळतात, म्हणून बंदुकीच्या आवाजाची सवयसुद्धा हळूहळू लावावी लागते. हे शाळेच्या सरांना दाखवा. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसणार.

मैदान बंद करू का, या प्रश्नावर माझी एक जुनी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाच्या आईला मी म्हणाले होते, 'दहावी होऊ दे, मग बघू.' त्यानं वर्षभर मैदान सोडलं आणि त्याबरोबर रोजचं ताणणंही सुटलं. त्याच वर्षी तो भराभर उंच झाला. या वयात हाडं लांबतात, पण ताठ स्नायू त्यांच्या वेगानं लांबत नाहीत. मेंदूची इजा वाढत नाही, पाय मात्र आखडत जातात. परीक्षा झाली तेव्हा त्याचे गुडघे सरळ होत नव्हते. तो पुन्हा पळाला नाही. तेव्हापासून मी कुणालाही 'आधी दहावी' म्हणत नाही. वेळ कमी करा, दोन तासांचा एक करा, पण पोटऱ्या आणि मांड्यांचं ताणणं एकही दिवस चुकवू नका. आपल्याकडच्या पावसाळी गारठ्यात स्नायू जास्त आवळतात, तेव्हा अंग गरम करायला दुप्पट वेळ द्या. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. आणि कुठलीही नवी गोळी सुरू करताना 'पोरगी स्पर्धेत उतरते' हे त्यांना सांगा, उत्तेजक चाचणीचे नियम पॅरा खेळाडूंनाही लागू असतात.

कागदांचं काम आत्ताच सुरू करा. सीपीआर रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त आलं तर २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मागता येतो, त्यासाठी शाळेतून अर्ज वेळेत जाऊ दे. त्यानंतर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन राज्य पॅरा स्पर्धा आणि वर्गीकरण कधी आहे ते विचारा. राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला जाता येतं. खेलो इंडिया पॅरा गेम्स २०२३ पासून सुरू झालेत, त्यातही अॅथलेटिक्स आहे. गल्लीबोळातल्या 'राज्यस्तरीय' स्पर्धांना पैसे भरून प्रमाणपत्रं गोळा करू नका. खेळाडूंसाठी राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथं प्रत्येक प्रमाणपत्र पडताळलं जातं आणि मान्यताप्राप्त संघटनेचंच चालतं.

सायन्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलाय की तिच्या आईच्या भिशीचा हिशेब तीच ठेवते आणि आजवर एक रुपया चुकला नाही. भाऊ, ही पोरगी कॉमर्सची आहे. सायन्स घेतलं की कॉलेज, प्रॅक्टिकल आणि क्लास यांतच दिवस संपेल. कॉमर्सला सकाळचं कॉलेज मिळालं तर संध्याकाळ मैदानाला राहते. बँकेच्या परीक्षांतही दिव्यांगांच्या जागा असतात. पळणं चाललं तर उत्तम. उद्या दुखापत झाली किंवा फेरतपासणीत वर्ग बदलला, आणि वाढत्या वयात तो बदलू शकतो, तरी तिच्या हातात पदवी असेल.

आपल्या भागात अशी माणसं नाहीत असं समजू नका. १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवणारे मुरलीकांत पेटकर शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातले. आणि कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था आहे. कागदपत्रांत कुठं अडलात तर तिथं जाऊन विचारा.

एक गोष्ट मात्र पत्रात सापडली नाही. चार पानांत सरांचं म्हणणं आहे, मैदानावरच्या त्या माणसाचं आहे, तुमचं आहे. एका जागी तुम्ही लिहिलंय, 'पोरगी पळत्या तवा मी तिच्या पायाकडं बघतच नाही, तोंडाकडं बघतो.' ते तोंड काय म्हणतंय, ते तिलाच लिहू दे. तिला १०० आवडतं का २००, पहाटे उठायची तयारी आहे का, पडल्यावर काय वाटतं, सगळं तिच्या अक्षरात पाठवा.

बूट मात्र पत्राची वाट न बघता याच आठवड्यात घ्या. तिला दुकानात घेऊन जा आणि संध्याकाळी, दोन्ही पाय वेगवेगळे मोजून घ्या.

तुमची ताई