सासूबाई बाहेर गेल्यावर ती बोलली

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवायला आलेली नवी सून. सासूसमोर तिने "पहिलीच खेप" म्हणून सांगितलं. सासूबाई केसपेपर काढायला बाहेर गेल्या, तेव्हा हळूच म्हणाली, "कॉलेजात असताना एकदा पिशवी साफ केली होती." आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, "लग्नाआधी? मग मघाशी खोटं कशाला बोललीस?" पुढच्या तारखेला ती आलीच नाही. आता ती आली तर काय बोलू आणि कार्डावर काय लिहू, असं तुम्ही विचारलं आहे.

चूक तुम्हीच कबूल केली आहे, ती मी पुन्हा उगाळत नाही. पण ती मुलगी गप्प राहू शकली असती. मिळालेल्या दोन मिनिटांत तिने एवढी जोखीम घेतली, ती उपचारात काही चुकू नये म्हणून. अशा वेळी पहिलं वाक्य एवढंच असावं: "सांगितलंस ते फार बरं केलंस. डॉक्टरांशिवाय हे कुणाला कळणार नाही."

मग थोडं थांबायचं. ती रडली तर रडू द्यायचं, नाही रडली तर तिला दुःख असायलाच हवं असं धरून चालायचं नाही. काहींना हळहळ असते, काहींना सुटल्यासारखं वाटलेलं असतं, काहींच्या मनात दोन्ही असतं. "झालं गेलं विसर" हेसुद्धा म्हणू नका. तुम्हाला ते सांत्वन वाटतं, तिला निवाडा ऐकू येतो. आणि शब्द तिचाच वापरा. ती "पिशवी साफ केली" म्हणाली, तर तुम्ही "पोट पाडलंस" म्हणू नका.

विचारायचं ते उपचारापुरतं. कितवा महिना होता, गोळ्या घेतल्या की पिशवी धुतली, नंतर जास्त रक्त गेलं का, ताप आला का. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेव्हा अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं होतं का, कारण ते राहून गेलं असेल तर या बाळालाही धोका पोचू शकतो. का विचारतोय तेही सांगा. कोणापासून आणि कशासाठी, याच्याशी आपला संबंध नाही. एक खासगी प्रश्न मात्र जरूर विचारा: "घरात कुणाला ठाऊक आहे? कुणासमोर बोलायचं नाही?"

आता कार्ड. नोंदीतला 'ए', म्हणजे गर्भपाताची खूण, आपोआप पडलेल्या पोटालाही लागतो, पण कार्ड घरी जातं आणि 'जी २' (म्हणजे दुसरं गरोदरपण) वाचता येणारी माणसं हल्ली घराघरांत आहेत. तिला विचारल्याशिवाय कार्डावर काही लिहू नका. तुमच्या डॉक्टरांना स्वतः सांगा. बाळंतपण माहेरी होणार असेल, तर तिथल्या डॉक्टरांना एकांतात सांगायला तिला बजावा.

१९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गर्भपात केलेल्या बाईची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ते कलम डॉक्टरांसाठी आहे, पण केसपेपर तुमच्याही हातात असतो. आणि 'लग्नाआधी' या शब्दावर तुम्ही अडखळलात म्हणून सांगते, लग्न झालं नाही एवढ्यावरून भेद करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच २९ सप्टेंबर २०२२ ला म्हटलं आहे.

तुमच्या ओपीडीत एक रीत पाडा: तपासणीला प्रत्येक बाई एकटीच आत येईल. सगळ्यांनाच तो नियम असला, की हिच्याच सासूला का बाहेर पाठवलं, असा संशय येत नाही. (कधी मुलगी नको म्हणून पोट पाडायला लावणारं माणूसच शेजारच्या खुर्चीत बसलेलं असतं.)

तिला बोलवायला आशाताईंना पाठवा, पण "तपासणीची तारीख चुकली" एवढाच निरोप द्या. ती आली की दार लोटून म्हणा, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं. तुझं काही चुकलेलं नाही." ती म्हणाली, "मी असं काही बोललेच नव्हते," तर "बरं" म्हणा, रक्तदाब घ्या, आणि रक्तगटाचा रिपोर्ट आठवणीने डॉक्टरांसमोर ठेवा.

तुमची,
ताई