शहरातल्या मुलांना खेड्यात आरोग्यसेवेचं काम करायला कसं प्रवृत्त करावं?

तुम्ही ठाण्यातल्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवता, वर्गातली हुशार मुलं डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी ‘नीट’ परीक्षेची तयारी करतात, पण खेड्यात काम करायचा विषय निघाला की गप्प बसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी मूळची कळव्याची. बीएससी नर्सिंग आणि त्यानंतर सहा महिन्यांचं प्रशिक्षण करून शहापूर तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी झाले. तिथून जे दिसतं ते सांगते.

मुलांना त्यागाच्या गोष्टी सांगू नका. सतरा वर्षांचा मुलगा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे थोरामोठ्यांचं काम, आपलं नाही. त्यापेक्षा काम काय असतं ते दाखवा. उपकेंद्रात सर्दी-खोकल्याच्या गोळ्या वाटतात, एवढीच त्यांची कल्पना असते.

दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे किंवा आणखी लांब, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यात एखादी सातव्या महिन्यातली बाई असते, एखाद्या बाळाचा गोवर-रुबेलाचा डोस राहिलेला असतो. ती कुठल्या भट्टीवर गेली हे आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, मुकादमाच्या माणसांकडून काढते. मग मी तिकडच्या आरोग्य सेविकेला फोन करून नाव, प्रसूतीची अपेक्षित तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन कळवते. याला डोकं लागतं, चिकाटी लागते आणि लोकांचा विश्वास लागतो. बाळ-बाळंतीण सुखरूप परत आली की त्या दिवशी आम्हा दोघींना जेवणही गोड लागतं. हे असं सांगितलंत तर हुशार मूल कान देऊन ऐकतं.

खेड्यात गेलं की अभ्यास संपतो, ही भीती मुलांना असते. त्यांना डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगा. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते काम करत होते तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, विषाचा हृदयावर आणि रक्तदाबावर काय परिणाम होतो ते टिपलं आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यूंचं प्रमाण कितीतरी खाली आणलं. त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचं विष अनुकंपी चेतासंस्थेलाच भडकवतं, म्हणून ती शिकवाल त्याच तासाला हे सांगा.

डॉक्टर नाही झालो तर संपलं, हेही मुलांच्या डोक्यातून काढा. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फार्मसी, फिजिओथेरपी यांपैकी प्रत्येकाची इथे गरज आहे. फक्त ‘नीट नाही निघाली तर बघू’ अशा सुरात सांगू नका, मुलांना ते लगेच कळतं. अडचणीही लपवू नका. माझं पद कंत्राटी आहे, पावसात काही पाड्यांचा रस्ता तुटतो, मोबाइलची रेंज जाते. आधी माहीत असलेलं मूल टिकतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतल्या मुली शिकून नर्स झाल्या तर त्या इथेच राहायची शक्यता जास्त. त्यांना पाड्यावरची बोली येते, घरातल्या म्हातारीला समजावता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० च्या शिफारशींत हेच म्हटलं होतं: ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना या शिक्षणात प्रवेश द्या. या मुली अडतात त्या इंग्रजीत, प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आणि जात वैधता प्रमाणपत्रात. तुमचे विद्यार्थी सुट्टीत त्यांचं जीवशास्त्र आणि फॉर्म दोन्ही करून घेऊ शकतात. त्या ओळखीतून तुमच्याही एखाद्या मुलाचं मन इकडे वळेल.

मुलांना घेऊन एकदा याच. कसारा लोकलने आसनगावला उतरायचं. ठाण्याच्या नळाला जिचं पाणी येतं ती भातसा नदी याच तालुक्यात आहे, आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात, हेही त्यांनी पाहावं. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कॉलेजचं पत्र द्या, लसीकरणाचा दिवस विचारून घ्या. मुलं थोडीच आणा, म्हणजे दोघा-दोघांना आशाताईंबरोबर घरोघरी पाठवता येईल. रुग्णांचे फोटो मात्र काढू देऊ नका. आणि शक्यतो दिवाळीच्या आधी या, त्यानंतर बरीच घरं कुलपात असतात.