काळ्या मातीत घर बांधताना पाईल घ्यावेत की साधे कॉलम?

तुमचा प्रश्न असा, की शेतात घर बांधायचंय, माती काळी आहे. ठेकेदार पाईल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून भरलेले काँक्रीटचे खांब, सांगतो. मिस्त्री म्हणतो साध्या कॉलमला पाच फुटांचे खड्डे पुरे. ऐकावं कोणाचं?

आधी मुरूम किती खाली आहे ते बघा. घराच्या दोन्ही टोकांना खड्डे घ्या. जवळ न बांधलेली विहीर असेल तर तिच्या कडेलाही थर दिसतात. पाच-सहा फुटांवर घट्ट मुरूम लागला तर फुटिंग, म्हणजे कॉलमचा रुंद पाया, त्यावरच टेकवा, पाईलवर पैसे घालू नका. पण पूर्णेच्या खोऱ्यात असते तशी दहा-बारा फूट काळीच माती निघाली, तर मी अंडर-रीम्ड पाईलच, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले पाईल, सांगेन.

आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. ही हालचाल वरच्या थरात जास्त. म्हणूनच पाईलसाठीच्या भारतीय मानकात, आयएस 2911 च्या भाग 3 मध्ये, खोल काळ्या मातीत पाईल किमान 3.5 मीटर, म्हणजे साडेअकरा फूट, न्यायला सांगितलंय. तळाचा फुगवटा साधारण पाईलच्या दांड्याच्या व्यासाच्या अडीच पट असतो: 300 मिमीच्या पाईलला 750 मिमी. तोच पाईलला खाली धरून ठेवतो. फुगणारी माती पाईलला वर ओढते, त्यामुळे लोखंडी सळ्या पूर्ण खोलीपर्यंत हव्यात. फुगवटा कापताना स्वतः उभे राहा. अवजार पूर्ण उघडून फिरवल्यावरही माती निघायची थांबली, की तो पुरा झाला. फुगवटा जमिनीखाली असतो, नंतर कोणी दाखवू शकत नाही.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. प्लिंथ बीम, म्हणजे पाईलवर आडवी बसणारी, भिंतींचं वजन घेणारी काँक्रीटची तुळई, जमिनीवर टेकवू नका. बीमखाली किमान 80 मिमी पोकळी ठेवा. मिस्त्री सवयीने तिथे गिट्टी-सिमेंटचा थर घालतात, आणि मग पावसाळ्यात फुगलेली माती थेट बीमला उचलते. एवढे महागाचे पाईल घेऊनही भिंतीला तिरप्या भेगा पडतात त्या यामुळे. फरशीचंही तसंच: आतली काळी माती काढून मुरूम भरा, नाहीतर घर जागेवर राहील आणि फरशी उठेल.

विहिरींचं पाणी खाली गेल्यावरच काम काढा आणि भोक पाडलं त्याच दिवशी काँक्रीट भरा. खड्ड्यांत किती फुटांवर काय लागलं ते कळवा, मग पाईल किती आणि कुठे ते बोलू.