पावसाळ्यात आंबोलीला जंगल बघायला कधी आणि कसं जावं?

तुमचा प्रश्न असा : पुण्याहून तिघे, सोबत आठ वर्षांची मुलगी, तीन दिवस हाताशी. धबधब्यात भिजण्यात रस नाही, आंबोलीचं जंगल आणि तिथले बेडूक-साप बघायचे आहेत. ऑगस्टमधली जोडून आलेली सुट्टी धरावी का?

नको. शनिवार-रविवार आणि जोडसुट्ट्या सरळ सोडून द्या. मुख्य धबधबा घाटरस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे गर्दीच्या दिवशी गाड्यांची रांग तिथेच अडते. शिवाय तुम्हाला जे बघायचं आहे ते त्या धबधब्यापाशी नाहीच. ते कातळावरच्या डबक्यात, ओढ्याकाठच्या झुडपात आणि रात्री आठनंतरच्या अंधारात आहे. मंगळवार ते गुरुवार असे दिवस काढता आले तर उत्तम.

महिना कोणता हे काय बघायचं त्यावर ठरतं. आंबोली टोड हा इथलाच छोटा बेडूक तुमच्या यादीत असेल तर पाऊस सुरू होतानाच जायला हवं, म्हणजे मेअखेरच्या वळवापासून जूनच्या मध्यापर्यंत. अंगठ्याएवढा प्राणी, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. शास्त्रीय वर्णन झालं २००९ साली, नाव झँथोफ्रायनी टायगेरिना. आंबोली आणि आसपासचा थोडासा भाग सोडला तर जगात कुठे दिसत नाही आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जांभ्या कातळाच्या खळग्यांत वीतभरही खोल नसलेलं पाणी साचलं की माद्या त्यात अंडी घालतात. पावसाने दडी मारली तर खळगा आटतो, फार जोर धरला तर अंडी वाहून जातात. म्हणून त्यांची सगळी धांदल पहिल्या सरींनंतरच्या थोड्या दिवसांत उरकते. नेमकी तारीख कुणीच देऊ शकत नाही. आठवडाभर आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून ‘पाऊस लागला का?’ एवढं विचारा.

जुलैमध्ये पाऊस इतका असतो की दिवसचे दिवस धुकं हटत नाही. वर्षाची सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे पुण्याच्या दहापट. कोकणातून येणारा दमट वारा ६९० मीटर उंचीच्या कड्यावर आदळून वर चढतो आणि तिथेच रिता होतो. आजऱ्याकडे थोडं उतरलं तरी पावसात फरक जाणवतो. मुलगी बरोबर आहे आणि वेळ तीनच दिवस, तेव्हा माझं मत जूनचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा मग थेट सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये टोड सापडण्याची आशा कमी, पण सडे (कातळाची सपाट पठारं) फुललेले असतात आणि चालता येतं.

मलबारी उडता बेडूक मात्र जून ते ऑगस्ट बऱ्यापैकी दिसतो. हिरवागार, बोटांमधला पडदा लालसर. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला की ते त्याचं घरटं. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, अंडी त्यात राहतात आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. गावातल्या विहिरी आणि टाक्यांच्या आसपासही हे दिसतं, त्यामुळे मुलीला खोल जंगलात न्यायची गरजच नाही. घरट्याला हात लावू नका, फोटोसाठी फांदी वाकवू नका. फेस फुटला की आतली अंडी सुकतात.

सापांचं म्हणाल तर मलबारी चापडा हा इथला खरा मानकरी. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत असतो, ओढ्याकाठी गुडघा ते कंबरेच्या उंचीवर फांदीला वेटोळं घालून बसतो आणि कित्येकदा दोन-दोन दिवस जागा सोडत नाही. विषारी आहे. आपल्याकडचं सर्पविषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर बनतं. चापड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून तोल जातोय म्हणून फांदी धरायची ही सवय रात्री पूर्ण बंद. काठी हातात ठेवा, आधार तिचा घ्या. मुलीला दोन मोठ्यांच्या मधे चालवा, गवतात उतरू देऊ नका, दीड तासात परत या. दंश झालाच तर हालचाल थांबवून गाडीने सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही नको.

रात्रीची फेरी स्थानिक वाटाड्याशिवाय करू नका. गावात निसर्ग अभ्यासक तयार झालेली मुलं आहेत, मुक्काम ठरवतानाच त्यांच्याबद्दल विचारा. राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्री शिरायचं नसतं आणि साप पकडणं हा गुन्हा आहे. जो कुणी ‘हातात धरून दाखवतो’ म्हणेल त्याला नमस्कार करा. बेडकांच्या कातडीतून रसायनं आत जातात, म्हणून डासांचं मलम हाता-पायाला चोपडून डबक्यापाशी बसू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार पुरते.

रस्त्याची गोष्ट गंभीर आहे. पावसाळी रात्री बेडूक आणि टोड डांबरी रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली जातात. अंधार पडल्यावर गाडी मुक्कामीच ठेवा, फेरी पायी करा.

पुण्याहून कोल्हापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असं या. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. या बाजूने पठारावरूनच गाव लागतं, अवघड घाट उतरावा लागत नाही. तो पुढे सावंतवाडीच्या वाटेवर, आंबोली आणि दाणोलीच्या मधे आहे, तिथे धुकं आणि दरडी दोन्ही. रेल्वेने आलात तर सावंतवाडी रोड स्थानक, तिथून सावंतवाडी गाव गाठून एसटी. सावंतवाडीहून बेळगाव-कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या आंबोलीवरूनच जातात. पेट्रोल आणि रोख पैसे आजऱ्यात किंवा सावंतवाडीतच घेऊन ठेवा.

सामानात छत्री आणू नका, वाऱ्यात ती उलटी होते. अंगभर रेनकोट, कपाळावर बांधायचा टॉर्च, जादा सेल, कपड्यांचे तीन जोड (इथे काही वाळत नाही) आणि बुटात कोंबायला जुनी वर्तमानपत्रं. बुटाच्या तळव्याला खोल खाचा हव्यात. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत गमबूट घसरतोच. जळवांसाठी विजारीचे पाय मोज्यात खोचा, जवळ मिठाची पुरचुंडी असू द्या. चिकटलीच तर नखाने तोंडाकडून सरकवून काढा. नंतर रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. घाबरू नका. कॅमेरा एसी चालू असलेल्या गाडीत ठेवला तर बाहेर काढताच भिंग धुरकट होतं.

दिवसा काय? हिरण्यकेशी नक्की. गुहेतून उगम पावणारी ही नदी पूर्वेला वळून घटप्रभेला मिळते, म्हणजे अरबी समुद्राच्या बाजूला पडलेलं पाणी अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. देवळाच्या कुंडातल्या छोट्या माशाची नवी जात म्हणून नोंद २०२० साली झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. कुंडात पाय घालू नका, साबण तर नाहीच. जवळच्या चौकुळ गावाकडचे सडे सकाळी चांगले. कावळेसादच्या कड्यावर खालून येणारा वारा धबधबा वर उडवतो, पण मुलीचा हात सोडू नका आणि कठड्यापलीकडे कुणीही जायचं नाही.

दोन रात्री फेरीसाठी राखून ठेवा. पहिल्या रात्री पावसाने काही दिसू दिलं नाही तर दुसरी हाताशी राहते.