वरती पोचणार मी

“मॅडम, हे वाचा आणि खरं सांगा, माझा मुलगा वाया चाललाय का?” समुपदेशनासाठी आलेल्या एका आईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाईल पुढे केला. सोळा वर्षांचा मुलगा आंघोळीला गेला असताना त्याच्या रॅपच्या वहीचे घाईघाईने काढलेले फोटो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी फोटो पाहिले नाहीत. वही त्याची, दाखवायची तर तो दाखवेल. बाईंना ते रुचलं नाही. मग त्यांनी तोंडानेच सांगितलं: सगळे मतलबी, कुणावर भरवसा नाही, दाराला कुलूप, एकटा वर जाणार, नाव झाल्यावर ओळख दाखवायला येऊ नका. “घरात कुणी काही कमी केलंय का हो त्याला?”

मुलं रॅप लिहायला लागली की बहुतेक पालकांना हीच धास्ती असते. मी आधी झोप, जेवण, अभ्यास विचारला. ओळींत मरणाची, निरवानिरवीची भाषा आहे का? कुणा खऱ्या माणसाला इजा करायचा बेत? आवडत्या वस्तू वाटून टाकतोय का? यातलं एकही असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. इथे तसं नव्हतं. मित्र मात्र कमी झाले होते.

रॅपमधला ‘मी’ हा बराचसा मुखवटा असतो. 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, जळक्या इमारती आणि बेकारीच्या वस्तीत, हा प्रकार पार्ट्यांमधून वाढला. माईक हातात आला की समोरच्यापेक्षा आपण वरचढ हे दाखवायचं, हा खेळाचाच भाग. फुशारकी हवीच, आणि वर गेलं की खाली खेचणारे असणार म्हणून सावधपणाही. दोन्ही जोडीनेच येतात. ओळी म्हणजे कबुलीजबाब नव्हे, हे कायद्यालाही पटायला लागलंय: रॅपच्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वापरण्यावर कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायद्याने बंधनं घातली.

पण मुखवटा म्हणून सोडूनही देता येत नाही. साच्यातल्या दहा ओळींत एखादी त्याची स्वतःची असते.

मुलगा आला. पहिल्याच भेटीत मी चूक केली. दोन ओळी ऐकल्या आणि “वा, छान लिहितोस!” म्हणून बसले. त्याने वही मिटली. न ऐकता केलेलं कौतुक या वयाला बरोबर कळतं. पुढच्या वेळी मी फक्त यमकांबद्दल विचारलं, हा शब्द का, तो का नाही. तेव्हा वही टेबलावर उघडी आली.

गर्दी केली कमी, वरती पोचणार मी,
दाराला कुलूप माझ्या, चावीची नाही हमी.

‘मी’च्या आधी काहीतरी गिरवून खोडलं होतं. निळ्या पेनाच्या ओळीत तेवढीच खाडाखोड काळी. “इथे काय होतं?”

“आम्ही.”

दोघं मित्र मिळून लिहायचे. याने रात्री रेकॉर्ड केलेला कच्चा तुकडा मित्राने वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसण्याचे इमोजी. मोठं व्हायचं स्वप्न चारचौघांत उघडं पडलं आणि त्याचीच टिंगल झाली. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणारच की पोरगा.

“म्हणजे कुलूप त्याच्यासाठी?” मी विचारलं.

“नाही. ती ओळ नंतरची आहे.” थोडा वेळ पेनाचं टोपण काढघाल. “मी वही ठेवताना पेन उजवीकडे ठेवतो. एक दिवस डावीकडे होतं.”

म्हणजे ज्या ओळीने आई सगळ्यात जास्त घाबरली होती, ती तिच्यासाठीच लिहिलेली होती.

त्याची परवानगी घेऊन आईंना सांगितलं. बराच वेळ गप्प बसल्या, मग माझ्यासमोरच फोटो डिलीट केले. घरी जाऊन सॉरी म्हणाल्या आणि त्याच दमात “गणितं झाली का?” असंही विचारलं. हे सांगताना तो पहिल्यांदा मोकळा हसला. मित्राशी अजून बोलणं नाही, त्याची मी घाईही करत नाहीये.

कुलपाची ओळ आहे तशीच आहे. राग गेला तर बदलणार का, असं मी एकदा विचारून पाहिलं. म्हणाला, “नाही, बीटवर तीच बसते.”